पत्ता नसलेली सदतीस पाकिटं

१ ऑगस्ट, मंगळवार

वही आणली ती नावं लिहायला. पण दुकानात दोनशे पानी एकच उरली होती, तेव्हा मागची शंभर पानं माझी. कोणी वाचणार नाही, म्हणून खरं लिहायला हरकत नाही.

आज ग्रंथालयात पहिला दिवस. ग्रिसेल्दा तिथली ग्रंथपाल. वय एकतीस, आवाज बारीक, हट्ट जाड. तिने मला संगणकासमोर बसवून सगळं समजावलं. आनास्तासिओ दुरे, आपल्या गावचा फोटोवाला, वारला तेव्हा त्याच्या लेकीने चाळीस वर्षांच्या फिल्मची पाकिटं ग्रंथालयाला दिली. चारशे बारा पाकिटं, सगळी खालच्या वस्तीतली. ती वस्ती चौदा वर्षांपूर्वी धरणाच्या पाण्याखाली गेली. आता तिथे पाराना नदी मैलभर रुंद झाली आहे आणि काठाने नगरपालिकेने नवा फरसबंदी रस्ता केला आहे.

ग्रिसेल्दाने ते सगळे फोटो संगणकात उतरवले आहेत. एक पाकीट म्हणजे एक प्रोजेक्ट. प्रोजेक्ट जुळवून गट करायचे. चौदा ऑक्टोबरला गावाचा स्थापना दिवस, त्या दिवशी ही गॅलरी सर्वांसाठी उघडायची.

"मावशी, एकतीस वर्षं तुम्ही टपाल कचेरीत पत्रं लावलीत. चेहरे तुम्हीच ओळखणार."

"चेहरे नाही गं," मी म्हटलं, "मी पत्ते ओळखते."

तिला वाटलं मी विनोद केला.

३ ऑगस्ट, गुरुवार

भांडण झालं. गोड, पण भांडणच. ग्रिसेल्दाने आधीच गट पाडून ठेवलेत: लग्नं, पंधराव्या वाढदिवसाच्या मुली, फुटबॉल, बारशी, अंत्ययात्रा. मी लग्नांचा गट उघडला. अठ्ठ्याऐंशी नवऱ्या, एकीसारखी दुसरी.

"इथे येणारा माणूस काय शोधत येणार?" मी विचारलं. "नवऱ्या? तो आपलं घर शोधत येणार. कोपऱ्यावरचं दुकान, शेजारणीचा व्हरांडा. गट गल्लीवार पाडायचे."

"पाकिटावर गल्ली कुठे लिहिलीय?"

"माझ्या डोक्यात लिहिलीय."

तिने हात टेकले. संध्याकाळी घरी आले तर पाठ भरून आली होती, पण बरं वाटत होतं. निवृत्तीनंतर तेरा वर्षांत मला कोणी वाद घालण्याइतकं महत्त्व दिलं नव्हतं.

९ ऑगस्ट, बुधवार

आज माझ्या हातून प्रलय झाला. कोमेर्सिओ रस्त्याचा गट केला होता, एकसष्ट पाकिटं. नाव दुरुस्त करायला गेले आणि गटच पुसून टाकला. पडदा रिकामा! मी खुर्चीतून उठून चक्क दारापर्यंत गेले, पळून जायला निघाल्यासारखी.

ग्रिसेल्दा आली, हसायला लागली. गट पुसला तरी प्रोजेक्ट मरत नाहीत. ते मागे एका राखीव खान्यात जाऊन पडतात. "फक्त एक आहे मावशी, गटात नसलेला प्रोजेक्ट बाहेरच्यांना दिसत नाही. असतो, पण आपल्यालाच दिसतो."

एकसष्ट पाकिटं पुन्हा एकेक करून ओढून आणली. साडेतीन तास. चूक माझी, तेव्हा जेवायलाही उठले नाही.

१७ ऑगस्ट, गुरुवार

हिवाळा सरता सरता दक्षिणेचा गार वारा. ग्रंथालयात शेगडी असते म्हणून की काय, आज सेफेरिना आयाला येऊन बसली. चौऱ्याहत्तर वर्षांची, वीटभट्टीवर आयुष्य गेलेलं, हात अजून भाजक्या मातीच्या रंगाचे. भट्टीवाल्यांची पाकिटं वेगळी ठेवलीत, ती ओळखायला ग्रिसेल्दानेच तिला बोलावलं. सदतीस आहेत. दुरेने त्यांच्यावर गल्ली, नाव काहीच लिहिलेलं नाही, नुसतं 'भट्ट्या'.

मी उठून नमस्कार केला. ती म्हणाली, "ओळखते मी तुम्हाला. टपालवाल्या बाई. खिडकीच्या आतल्या."

माटेचा, म्हणजे पाल्याच्या कढत काढ्याचा, पेला पुढे केला तर घेतला नाही. आमच्याकडे माटे नाकारणं म्हणजे माणूसच नाकारणं, ते मला माहीत आहे. म्हाताऱ्या माणसांचं पोट बिघडलेलं असतं, असं मी मनाशी म्हटलं.

फोटो बघायला बसली ती दोनशे बारा नंबरच्या पाकिटावर अडून राहिली. १९९३ साल. भट्टीपुढे दहा-बारा माणसं ओळीने उभी. "मोठा करा." केला. "अजून." केला. "अजून." शेवटी पडद्यावर नुसते ठिपके उरले. तिची नजर अधू झाली असावी. चष्म्याचं विचारलं तर म्हणाली, "मला सगळं नीट दिसतं, बाई. तुम्हाला दिसत नव्हतं."

विक्षिप्त आहे. पण नावं बिनचूक सांगते. आज एकोणीस नावं मिळाली.

२२ ऑगस्ट, मंगळवार

एका लग्नाच्या पाकिटावरून खटका. मुलगी कोमेर्सिओ रस्त्यावरची, मुलगा भट्ट्यांवरचा. प्रोजेक्ट एकाच गटात राहतो, दुसऱ्यात ओढला की पहिल्यातून निघतो. मी तो कोमेर्सिओत टाकला.

"का?" सेफेरिनाबाईने विचारलं.

"त्या घराला नंबर आहे. चौऱ्याण्णव."

"आणि नवरा? तो वाऱ्यावरून आला?"

ग्रिसेल्दा खुदकन हसली. मला हसू आलं नाही. नंबर असलेल्या घरात वस्तू ठेवावी, एवढी साधी गोष्ट आहे. कुठेतरी एक शिस्त लागतेच.

३० ऑगस्ट, बुधवार

ओस्वाल्दो बेनेगास आला होता. नगरपालिकेचा सांस्कृतिक अधिकारी, गुळगुळीत माणूस, बूटसुद्धा बोलताना चमकतात. त्याने बातमी आणली आणि ती चांगली होती. नव्या काठरस्त्यावर बुडालेल्या प्रत्येक गल्लीच्या नावाचा दगड बसणार. दगडावर एक खूण, फोन तिच्यावर धरला की त्या गल्लीचा गट उघडणार. म्हणजे माझे गट दगडावर!

त्याने यादी मागितली. मी दिली, तेवीस गल्ल्या. मग त्याने राखीव खान्यातली सदतीस पाकिटं पाहिली.

"ही?"

"भट्ट्यांची."

"नगरपालिकेच्या नोंदवहीत अशी गल्ली नाही. जुन्या नकाशात तिथे पांढरा कागद आहे. नोंदवहीत नाही ते गटात नको. ही राहू देत मागेच."

"मागे म्हणजे दिसणार नाहीत," ग्रिसेल्दा म्हणाली.

"सगळंच कसं दिसणार, ग्रिसेल्दा?" तो म्हणाला आणि माझ्याकडे वळला. "तुम्ही कचेरीतल्या, तुम्हाला कळतंय."

मला कळलं होतं. मी मान हलवली. हे लिहिताना ती हलवलेली मान अजून दुखते आहे. का, ते कळत नाही. नियम बरोबरच होता.

१ सप्टेंबर, शुक्रवार

मी तोड काढली. 'इतर' असा गट करायचा आणि सदतीस पाकिटं त्यात. नोंदवहीची अडचण नाही, लोकांना दिसतीलही. मला स्वतःलाच शाबासकी द्यावीशी वाटली.

सेफेरिनाबाईला दाखवलं. तिने तो शब्द माझ्याकडून मोठ्याने वाचून घेतला. मग काठी घेतली आणि निघाली. दारात थांबून म्हणाली, "इतर कशाला? परत पाठवून द्या की. तुमचा शिक्का असेलच घरी."

ग्रिसेल्दाने विचारलं, "कसला शिक्का, मावशी?"

मी म्हटलं, म्हातारीला भलतंच काही आठवतंय.

५ सप्टेंबर, मंगळवार

आज लिहायचं आहे ते सरळ लिहिते.

दोन दिवस सेफेरिनाबाई आली नाही, म्हणून मीच तिच्याकडे गेले. वस्ती बुडाल्यावर भट्टीवाले नवव्या किलोमीटरवर राहायला गेले, तिथे त्यांची नवी भट्टी आहे. ती अंगणात मका सोलत होती. बस म्हणाली नाही. मी उलट्या बादलीवर बसले.

"माझं काय चुकलं ते सांगा," मी म्हटलं.

"तुम्हाला खरंच आठवत नाही?"

"नाही."

तिने कणीस खाली ठेवलं. "माझा देर्लिस चौऱ्याण्णव साली बुएनोस आयरेसला गेला. बांधकामावर. तो लिहायचा. माझी बहीण तिथे होती, तिच्या कानावर दुसऱ्यांकडून आलं आणि गावी आल्यावर तिने मला सांगितलं, पोरगा दर महिन्याला लिहितो आणि दर पत्र परत जातं. 'भट्ट्यांच्या मागे, मोठ्या आंब्याजवळ, सेफेरिना आयाला.' दुसरा पत्ता त्याने आणायचा कुठून? मी तुमच्या खिडकीशी आले होते. दोनदा. तुम्ही म्हणालात, बाई, तुमच्या घराला पत्ताच नाही, तर पत्र येईल कसं."

तिने कणीस पुन्हा उचललं.

"त्याला वाटलं असेल आई मेली. नाहीतर वाटलं असेल, आईलाच नको आहे. तीन वर्षांनी लिहायचा थांबला. बहीण वारली. मग काहीच कळलं नाही."

"दोनशे बारामध्ये..." मी म्हटलं.

"डावीकडून चौथा. हातात साचा धरलेला."

कोंबडी मक्याचे दाणे टिपत होती. तिने तिला हाकललंही नाही.

६ सप्टेंबर, बुधवार

ग्रंथालयात गेले नाही.

७ सप्टेंबर, गुरुवार

आठवलं. तिला खिडकीशी पाहिलेलं आठवत नाही, एकतीस वर्षांत खिडकीशी किती चेहरे आले. पण ते पत्र आठवलं. निळी शाई, तिरकं अक्षर, 'आंब्या'वरचं टिंब मोठं. एक नव्हतं, खूप होती आणि वेगवेगळ्या हातांची होती. महिन्याला तीन-चार. आसुन्सिओनहून, पोसादासहून, बुएनोस आयरेसहून. 'भट्ट्यांकडे.' 'ओढ्याच्या पलीकडे.' 'पेद्रो वीटवाल्याला मिळावे.' मी शिक्का मारायचे, 'पत्ता अपुरा', आणि परतीच्या पोत्यात टाकायचे. नियम तसाच होता.

पण ती जागा मला माहीत होती. कचेरीच्या मागच्या खिडकीतून भट्ट्यांचा धूर दिसायचा. आमचा पत्रवाटप्या सायकलने रोज ओढ्यापर्यंत जायचा. "आणखी चारशे पावलं जाऊन ये," एवढं त्याला म्हणायला मला कोणी मनाई केली नव्हती.

हे एवढं लिहून पेन खाली ठेवणार होते. पण अजून एक आहे. नियमाखाली बसलं की सावली मिळते, आणि मला ती आवडायची.

८ सप्टेंबर, शुक्रवार

ग्रिसेल्दाला सगळं सांगितलं. तिने संगणक बंद केला. मग म्हणाली, "मावशी, मग तर तुम्हाला ठाऊक आहे."

"काय?"

"की ती जागा होती. बेनेगास म्हणतो कागद नाही. तिथल्या नावाने शेकड्यांनी कागद आले की! तुमच्याच हातातून गेले."

मी म्हटलं, ते कागद आता कुठे आहेत? परतीच्या नोंदवह्या कधीच रद्दीत गेल्या. उरले मी. आणि मी हे बोलायचं म्हणजे गावासमोर स्वतःचंच मुस्काट फोडायचं.

ती म्हणाली, "हो."

इतकी लहान मुलगी, आणि नुसतं 'हो' म्हणते.

१३ सप्टेंबर, बुधवार

'इतर' गट पुसून टाकला. या वेळी मुद्दाम.

नगरपालिकेच्या बैठकीत बोलायला अर्ज दिला. विषय: 'बुडालेल्या वस्तीतील एका भागाच्या नावाबाबत.' बेनेगासने फोन केला. "झुनिल्दाबाई, तुमची तेवीस गल्ल्यांची यादी सुंदर आहे. कशाला वाद? त्या दिवशी फीत कापायला तुम्हाला पुढे उभं करणार होतो." मी म्हटलं, मला गुडघ्यामुळे फार वेळ उभं राहवत नाही.

खोटं. गुडघे उत्तम आहेत.

१९ सप्टेंबर, मंगळवार

पुन्हा नवव्या किलोमीटरवर. बैठकीत काय बोलणार ते सेफेरिनाबाईला आधी सांगावं असं वाटलं. तिने ऐकून घेतलं.

"तुम्हाला काय हवंय? माफी?"

"नाही. भट्ट्यांचा गट हवाय. मी सांगितलं नाही तर होणार नाही."

"आणि लोक तुम्हाला बोलतील त्याचं?"

"बोलू देत."

ती उठली, आत गेली. मला वाटलं भेट संपली. पण ती चिपा, चीज घातलेली भाकरी, घेऊन आली, कालची, कडक झालेली. माटे दिला नाही. चिपा मात्र मी तिच्यासमोर सगळी खाल्ली.

२६ सप्टेंबर, मंगळवार

उद्या बैठक. चार पानं लिहिली आणि फाडली. भीती वाटते, ती लोकांची नाही. ग्रिसेल्दाच्या आईने आज बाजारात मला 'झुनिल्दाबाई, तुम्ही म्हणजे गावाची स्मरणशक्ती' म्हटलं. तसं म्हणून घेण्याचा उद्या शेवटचा दिवस.

जाणार आहे. निळा झगा इस्त्री केला.

२७ सप्टेंबर, बुधवार

सभागृहात बारा सभासद. मागच्या बाकांवर भट्टीवाले, वीसेक तरी होते. मी त्यांना बोलावलं नव्हतं.

बेनेगास आधी बोलला. आदराने, मुद्देसूद. शेवटी म्हणाला, "ती जागा गावाचा भाग होती, याला कागद काय?"

मी उठले. "कागद नाही. मी आहे."

मग सांगितलं. कोणत्या साली, महिन्याला किती, कुठून, पाकिटांवर काय लिहिलेलं असायचं. सहा पत्ते मला शब्दशः आठवले, ते म्हणून दाखवले. सेफेरिनाबाईचा शेवटी म्हटला. "हे सगळं मी परत पाठवलं. माझ्या हाताने. नसलेल्या जागेला कोणी पत्र लिहीत नाही. एवढी वर्षं तर नाहीच नाही."

एक सभासद, डॉक्टर आहे, त्याने चष्म्यावरून पाहिलं. "जागा कुठे आहे ते तुम्हाला ठाऊक होतं?"

"होतं."

"मग पोचती का केली नाहीत?"

"नियम होता. आणि नियम नसता तरी मी केली असती का, हे मला सांगता येत नाही."

मागून एक बाई ओरडली, "माझ्या बापाची तार होती, बये! मरणाची तार!" कोणी तिला खाली बसवलं. मी मागे वळून पाहिलं. तिला बघणं भाग होतं. तिचं नाव मला माहीत नव्हतं. ते मी बैठक संपल्यावर विचारून घेतलं: आसेला रोलोन. तिने नाव सांगितलं आणि माझ्या पायाशी थुंकली.

मत पडलं. गॅलरीत गट करायला सात विरुद्ध पाच, मंजूर. काठरस्त्यावर दगड बसवायला पाच विरुद्ध सात, नामंजूर. दगड फक्त नोंदवहीतल्या गल्ल्यांना.

ग्रिसेल्दा रडायला लागली. मला रडू आलं नाही. अर्धं मिळालं होतं आणि उरलेल्या अर्ध्याचं काय करायचं, हे डोक्यात आधीच सुरू झालं होतं.

२८ सप्टेंबर, गुरुवार

सकाळी आठला ग्रंथालय उघडायच्या आत सेफेरिनाबाई पायरीवर बसलेली. सोबत आसेला रोलोन.

"नवीन गट करा," सेफेरिनाबाई म्हणाली.

केला. नावाच्या चौकटीत मी लिहिलं, 'वीटभट्टी वस्ती'. चांगलं, नोंदवहीला शोभेल असं.

"इथे कोण राहायचं?" आसेलाने विचारलं.

"आम्हाला कोणी विचारलं, कुठे राहता," सेफेरिनाबाई म्हणाली, "तर आम्ही म्हणायचो, भट्ट्यांकडे. तेवढंच लिहा."

'भट्ट्यांकडे.' लिहिलं. मग पाकिटं ओढायला लागले. दहाव्या पाकिटाला आसेला म्हणाली, "हातात कळ येत असेल." मी म्हटलं, येते. ती म्हणाली, "येऊ दे." पण नंतर दोन पाकिटांतली माणसं तिने ओळखून दिली.

ते लग्नाचं पाकीट शेवटी. कोमेर्सिओतून काढून भट्ट्यांकडे आणलं. चौऱ्याण्णव नंबरवाल्यांना राग येईल. त्यांना समजावीन.

गटाच्या दारावर एक फोटो लावायचा असतो. कोणता, हे कोणी बोललं नाही. मी दोनशे बारा लावला आणि खाली सगळ्यांची नावं डावीकडून लिहिली. चौथ्या नावाला माझी बोटं थांबली. "देर्लिस आयाला," तिने सांगितलं, "आणि पुढे लिहा, सेफेरिनाचा."

"त्याला दिसेल?" तिने विचारलं.

"माहीत नाही."

"खोटं नाही बोललात ते बरं केलंत," ती म्हणाली.

४ ऑक्टोबर, बुधवार

दगडाचा विषय मी काढला. म्हटलं, पुन्हा अर्ज करू, सह्या गोळा करू, पुढच्या वर्षी नवे सभासद येतील.

सेफेरिनाबाईने माझ्याकडे असं पाहिलं, जसं मी आयुष्यभर लोकांकडे खिडकीतून पाहिलं असेल. "दगड कशाला मागता? आम्ही विटा भाजणारी माणसं, बाई."

१५ ऑक्टोबर, रविवार

काल स्थापना दिवस झाला. फीत बेनेगासने कापली. तेवीस दगड, छान कोरलेले. लोक फोन धरून वाकत होते, आपापली घरं शोधत होते. एक म्हातारा आपल्या बंद पडलेल्या केशकर्तनालयापुढे, म्हणजे दगडापुढे, टोपी काढून उभा होता.

दगडांची ओळ संपते तिथून शंभर पावलांवर, ओढा जिथे नदीला मिळायचा त्या वळणावर, भट्टीवाल्यांनी पहाटेच ओटा बांधून ठेवला होता. कमरेइतका उंच, लाल, चुन्याने नीट सांधलेला. दर्शनी बाजूच्या विटांत ओल्या मातीत एकेका घरातल्या माणसाने आपलं आडनाव बोटाने कोरून मग भाजलेलं. बत्तीस आडनावं. मधल्या मोठ्या विटेवर 'भट्ट्यांकडे', आणि शेजारी ग्रिसेल्दाने काचेखाली बसवलेली गटाची खूण. तिची नोकरी जाईल म्हणून मी तिला आवरत होते. ती म्हणाली, मंजूर गटाची खूण कुठे लावू नये असा ठराव झालेला नाही, मी ठराव दोनदा वाचलाय.

बेनेगास पोलिसाला घेऊन चालत आला. ओट्याभोवती दोनशे माणसं बघितली, मधल्या विटेवर हात फिरवला आणि म्हणाला, "काम चांगलं झालंय." फोटो काढून घेऊन परत गेला. ओटा पाडतील का, माहीत नाही. पाडला तर पुन्हा भाजू, असं माझ्या तोंडून निघालं, 'भाजू'. आसेलाने ऐकलं.

दुपारी ओट्याच्या सावलीत सगळ्यांची जेवणं झाली. तेरेरे, म्हणजे बर्फ घातलेला थंड माटे, फिरत होता. पेला सेफेरिनाबाईच्या हातात आला, तिने भरला, आणि माझ्यापुढे धरला. माझ्याकडे न बघता, शेजारणीशी बोलता बोलता. मी प्याले आणि परत दिला. माफ केलं असं ती म्हणाली नाही. मी विचारलं नाही, विचारणारही नाही.

निघताना तिने मला हाक मारली. "झुनिल्दा." नुसतं नाव, पहिल्यांदाच. "तुझ्या त्या गटात अकरा माणसांची नावं अजून कोरी आहेत. कोन्सेप्सिओनला माझी चुलत नणंद आहे, तिला ती ठाऊक असतील. सोमवारी पहिल्या गाडीने जायचं. वही घे."

गाडी सहाला सुटते. वही भरत आली आहे, म्हणून दुसरी घेतली.